प्रागला एकटी जायचंय, तीन रात्री. आखणी जरा बघाल का?

फळा_खडू

नमस्कार मंडळी,

मी साठ वर्षांची. अठ्ठावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. सध्या लेकीकडे ड्रेस्डेनला आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर तिच्या सासूबाई येणार आहेत, म्हणजे नातवाकडे बघायला घरात माणूस आहे आणि मला चार दिवस मोकळे मिळतायत. मंगळवार सकाळ ते शुक्रवार संध्याकाळ. लेक म्हणाली, "आई, प्राग इथून अडीच तासांवर आहे. एवढी वर्षं पोरांना सांगत आलीस, आता बघून तरी ये." तिला सोबत येता येणार नाही. मी आजवर एकटीने परगावी मुक्काम केलेला नाही. सहलीला गेले ती पन्नास पोरं घेऊन, नाहीतर घरच्यांबरोबर.

प्रागच का, ते सांगते. युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध शिकवताना मी नेहमी एका खिडकीपासून सुरुवात करायची. २३ मे १६१८. प्रॉटेस्टंट सरदार प्रागच्या राजवाड्यात घुसले आणि त्यांनी बादशहाचे दोन कॅथलिक कारभारी, त्यांच्या चिटणिसासकट, खिडकीतून खाली फेकले. वीस मीटरच्या आसपास उंची. इथपर्यंत आलं की दरवर्षी वर्गातून एकच प्रश्न यायचा, "मग मेले का हो बाई ते?" तर नाही, तिघंही वाचले. कॅथलिक म्हणाले, मेरीमातेने झेललं. प्रॉटेस्टंट म्हणाले, खाली उकिरडा होता म्हणून वाचले. वर्ग हसायचा, आणि हसणं ओसरलं की मी सांगायची की याच्यातून पेटलेलं युद्ध १६४८पर्यंत विझलं नाही. ती खिडकी मी अठ्ठावीस वेळा शिकवली. पाहिलेली एकदाही नाही.

आता अडचणी. जमेल तिथून वाचून मी यादी काढली तर एकोणीस ठिकाणं झाली. चार्ल्स पूल, घड्याळ, राजवाडा, ज्यू वस्ती, पेत्रशीनचा मनोरा, स्त्राहोवचं ग्रंथालय, विशेह्राद, वगैरे वगैरे, आणि गुरुवारी कुटना होरा. यातलं खरोखर किती होईल? उजवा गुडघा दुखरा आहे, चढ असला की बोलतो. मी मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. युरो नेले तर चालतील का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, संध्याकाळी एकटी बाई कुठे बसून जेवते? हा प्रश्न लेकीला विचारायला मला संकोच वाटला, म्हणून इथे विचारतेय.

पायवाट

बाई, (तुम्हाला बाईच म्हणतो, दुसरं काही बरं दिसणार नाही) मी प्रागमध्ये चार वर्षं राहिलो. तुमचा प्रश्न वाचून ऑफिसमधून घरी येईपर्यंत तोच डोक्यात होता.

एकोणीस ठिकाणं होतील. पण मग तुम्ही त्या ठिकाणांच्या दारांचे फोटो घेऊन परत याल. माझं ऐका, यादी बाजूला ठेवा आणि तुमचा धडाच धरून फिरा. कारण तो अख्खा धडा एका ट्रामवर आहे. नंबर २२.

राजवाड्यासाठी प्राझ्स्की ह्राद या थांब्यावर उतरायचं. खिडकी जुन्या राजवाड्यात आहे. व्लादिस्लाव दालन नावाचं बासष्ट मीटर लांबीचं मोठं दालन आहे, आत घोड्यावरून भालेझुंजी व्हायच्या, आणि घोडे चढवायला वेगळा रुंद जिना आहे. त्या दालनाच्या कोपऱ्यातून बोहेमियाच्या, म्हणजे प्रागभोवतीच्या जुन्या राज्याच्या, कचेरीत जाता येतं. खिडकी तिथे. राजवाड्याच्या आवारात फिरायला तिकीट नाही, आतल्या इमारतींना आहे. मुख्य फेरीच्या तिकिटात जुना राजवाडा, सेंट व्हीटसचं कॅथीड्रल, सेंट जॉर्जचं चर्च आणि सोनारगल्ली येते, आणि ते दोन दिवस चालतं. म्हणजे एका दिवसात पाय तोडायची गरज नाही. ऑक्टोबरात इमारती पाचला बंद होतात.

तीच २२ नंबरची ट्राम पुढे शेवटच्या थांब्याला जाते. त्याचं नाव बीला होरा, म्हणजे पांढरी टेकडी. हो, तीच. ८ नोव्हेंबर १६२०. खिडकीनंतर दोन वर्षांनी जिथे बोहेमियाचे सरदार दोनेक तासांत हरले, ते मैदान. फारसे पर्यटक तिथे जात नाहीत, जायचं कारणही नाही. एक मोकळं माळरान आणि दगड रचून केलेली छोटी समाधीसारखी खूण, एवढंच आहे. पण तुम्ही जा.

आणि उलट दिशेने नारोद्नी त्रशीदाला उतरून चालत गेलात की जुन्या शहराचा चौक. २१ जून १६२१ला तिथे त्या हरलेल्या बंडातल्या सत्तावीस जणांना मारलं. जुन्या नगरभवनाच्या मनोऱ्याच्या पायाशी फरसबंदीत पांढरे सत्तावीस क्रॉस बसवलेत. लोक घड्याळाकडे माना वर करून त्यांच्यावर उभे असतात. बारा जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या मनोऱ्यावर टांगली, बहुतेक सगळी दहा वर्षं तिथेच होती. १६३१ला सॅक्सनीची, म्हणजे ड्रेस्डेनच्या मुलखाची, फौज प्रागमध्ये आली तेव्हा ती उतरवली. म्हणजे तुम्ही ज्या बाजूने गाडीने येणार, त्याच बाजूने.

बाकी पूल सकाळी सातला बघा, ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य साडेसातच्या सुमारास येतो आणि दिवे अजून चालू असतात. दहानंतर तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. स्त्राहोव, पेत्रशीन, कुटना होरा काढून टाका. ज्यू वस्ती ठेवा, पण शनिवारी ती बंद असते हे लक्षात असू द्या (तुम्ही शुक्रवारी परतताय, त्यामुळे अडचण नाही).

पैसे: तिथे कोरुना चालतो, युरो नाही. काही दुकानं युरो घेतात पण दर त्यांच्या मनाचा. बँकेच्या एटीएममधून कोरुना काढा. मशीन विचारेल, तुमच्या चलनात रूपांतर करू का. नाही म्हणायचं. कितीही गोड भाषेत विचारलं तरी नाही. चौकातल्या पैसे बदलून देणाऱ्या खिडक्यांवर जाऊ नका. मी पहिल्याच आठवड्यात एका ठिकाणी फसलो होतो, फलकावर मोठ्या अक्षरात जो दर होता तो विकायचा होता, माझा बारीक अक्षरात होता. आता कायदा झालाय, तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो, पावती मात्र जपून ठेवायची. ट्राममध्ये कार्ड टेकवून तिकीट मिळतं. कागदी तिकीट घेतलंत तर ते चढल्यावर पिवळ्या डब्यात घालून शिक्का मारायचा. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड.

एक शेवटचं. दोनशे कोरुनांची नोट हातात आली की नीट बघा. का ते मी सांगत नाही.

सांधेदुखी_नको

पायवाट यांनी चांगलं लिहिलंय, पण गुडघा असलेल्या माणसासाठी थोडी दुरुस्ती. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन प्रागला गेले होते.

बहुतेक सगळे सांगतात की ट्रामने वर जा आणि राजवाड्यापासून पायी खाली उतरा, नेरुदा गल्लीतून किंवा जुन्या पायऱ्यांनी. ताई, तुम्ही हे करू नका. दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार वाईट. उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचं वजन वाकलेल्या गुडघ्यावर झेललं जातं, आणि तो उतार दगडी फरसबंदीचा आहे. आई अर्ध्या वाटेत एका दाराच्या पायरीवर बसली आणि पुढचा दिवस हॉटेलात गेला. वर जा, बघा, आणि आल्या वाटेने थांब्यावर परत येऊन ट्रामनेच खाली या. दृश्य वरूनही तेच दिसतं.

प्रागची फरसबंदी म्हणजे मुठीएवढे छोटे दगड. पाऊस पडला की ते साबण लावल्यासारखे होतात. जाड आणि पकड असलेल्या तळव्याचे, आधी पंधरा दिवस वापरलेले बूट. नवे घेऊ नका. घडीची काठी घ्या, दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. म्हणजे तुमच्या डाव्या हातात.

मेट्रोचे सरकते जिने फार लांब आणि आपल्या सवयीपेक्षा खूप वेगाने चालतात. नामेस्ती मीरू स्टेशनचा जिना सत्त्याऐंशी मीटरचा आहे. म्हणून शक्य तिथे ट्रामच. ट्रामही खालच्या पायरीची बघून घ्या, थांब्यावरच्या वेळापत्रकात त्या फेरीला चाकाच्या खुर्चीचं चिन्ह असतं. २३ नंबरची ट्राम बऱ्याच अंशी २२च्याच वाटेने जाते, पण ती जुन्या डब्यांची आहे, चढायला उंच पायऱ्या. दिसायला गोड आहे, फोटो काढा आणि सोडून द्या.

खिडकीची_जागा

फक्त गाडीपुरतं लिहितो. ड्रेस्डेनहून जाताना डाव्या बाजूला बसा. गाडी एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते आणि नदी डावीकडे असते. पिर्ना गेलं की पलीकडच्या काठाला बास्टाइचे उभे खडक, नंतर लिलियनश्टाइनचा डोंगर. क्योनिगश्टाइनचा किल्ला मात्र उजवीकडे वर, त्यासाठी अर्धा मिनिट उठावं लागेल. सरहद्दीनंतर तीच नदी लाबे होते. चेक रेल्वेचा जेवणाचा डबा जोडलेला असेल तर तिथे जाऊन बसा, काचेच्या ग्लासात चहा आणि बाहेर नदी.

आधी प्राग-होलेशोविस येतं, तिथे उतरू नका. पुढचं ह्लावनी नाद्राझी, म्हणजे मुख्य स्टेशन. तिथे पहिल्या फलाटावर एक मिनिट थांबा. निकोलस विंटनचा पुतळा आहे, कडेवर एक मूल आणि शेजारी एक मुलगी, पायाशी सूटकेस. १९३९मध्ये या विंटननी आणि त्यांच्या साथीदारांनी ६६९ मुलं, बहुतेक ज्यू, इंग्लंडला पाठवली, त्यातली बहुतेक याच स्टेशनातून. शेवटची गाडी १ सप्टेंबरला सुटायची होती. त्या दिवशी युद्ध सुरू झालं आणि ती सुटलीच नाही.

पासपोर्ट जवळ ठेवा, घरी ठेवून जाऊ नका. तुमचा जर्मनीचा शेंगेन व्हिसा चेकियातही चालतो, पण परतीच्या गाडीत जर्मन पोलीस सरहद्दीवर तपासणी करू शकतात. लेकीने घेऊन दिलेलं जर्मन सिमकार्डही तिथे जादा पैसे न घेता चालेल.

चांदीचा_खाणकामगार

मी मात्र कुटना होरा काढू नका म्हणेन. प्रागचं एवढं वैभव आलं कुठून? त्या गावच्या चांदीच्या खाणींतून. १३००पासून तिथे प्रागचे चांदीचे ग्रोश, म्हणजे नाणी, पाडले जायचे, अर्ध्या युरोपात चालायचे. खाणकामगारांनी बांधलेलं सेंट बार्बराचं चर्च आहे, आत भिंतींवर खाणकाम करणाऱ्या माणसांची चित्रं आहेत. गाडीने तासाभराचं अंतर. इतिहासाच्या शिक्षिकेने राजवाडा बघायचा आणि राजवाड्याचे पैसे जिथून आले ते बघायचं नाही, हे मला पटत नाही.

पायवाट

तुमचं म्हणणं खरं आहे हो, पण त्यांच्याकडे धड दोन दिवस आणि दोन अर्धे दिवस आहेत, आणि एक गुडघा. स्टेशनपासून चर्चपर्यंतचं चालणं आठवा.

दोघींचं_टेबल

फळा_खडू ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलते. मी नवरा गेल्यानंतर एकटी फिरायला लागले, त्याला सहा वर्षं झाली. फिरणं पहिल्या दिवशीच जमलं. जेवणं जमायला दोन सहली गेल्या. पहिल्या सहलीत मी रोज संध्याकाळी दुकानातून पाव आणि दही आणून खोलीत खाल्लं. म्हणून तुमचा संकोच मला अगदी ओळखीचा वाटला.

माझी युक्ती ही की मुख्य जेवण दुपारी करायचं. प्रागमध्ये सोमवार ते शुक्रवार दुपारी अकरा ते दोनपर्यंत दिवसाचं जेवण असतं, फळ्यावर चार-पाच पदार्थ लिहिलेले, दर कमी, आणि ऑफिसची माणसं एकेकटी येऊन खाऊन जातात. एकट्या बाईकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. गर्दी असली तर अनोळखी माणसं एकाच टेबलावर बसतात, विचारायचं आणि बसायचं. संध्याकाळी मग सूप किंवा केक-कॉफीवर भागतं. कॅफेमध्ये तासभर वही घेऊन बसलात तरी कुणी उठवत नाही.

शाकाहारी: तळलेलं चीज मिळतं, स्माझेनी सीर, बटाट्याबरोबर देतात. ब्रांबोराक म्हणजे बटाट्याचं लसूण घातलेलं धिरडं. विचारायचं असेल तर "बेझ मसा" म्हणा, म्हणजे मांसाशिवाय. ऐकायला मासा वाटतो पण तो आपल्या मांस शब्दाचा लांबचा भाऊ आहे. सूप मात्र विचारूनच घ्या, वर भाजी दिसली तरी पाणी हाडांचं असतं.

आणि पहिल्या संध्याकाळी खोलीत बसून रडू आलं तर येऊ द्या. मला आलं होतं. दुसऱ्या दिवशी नाही आलं.

घटिका_पळे

सगळे घड्याळाला 'गर्दीची जागा' म्हणून उरकतायत म्हणून लिहितो. माझे आजोबा पंचांग करायचे. प्रागच्या त्या घड्याळासमोर मी दोन तास उभा होतो आणि आजोबा तिथे असते तर किती बरं झालं असतं असं मला वाटत राहिलं.

ते १४१०चं आहे, अजून चालतंय. दर तासाला वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांचे पुतळे फिरून जातात, गर्दी तेवढंच बघते आणि पांगते. बाई, तुम्ही गर्दी पांगेपर्यंत थांबा आणि मग त्या खिडक्यांखालची, दोन तबकड्यांतली वरची तबकडी बघा. सगळ्यात बाहेरच्या काळ्या कड्यावर सोनेरी जुन्या वळणाचे चोवीस आकडे आहेत. हे जुनं बोहेमियन कालमापन, त्यात दिवस सूर्यास्ताला सुरू व्हायचा. सूर्यास्त रोज सरकतो, म्हणून ते कडंही रोज सरकतं. आपण घटिका सूर्योदयापासून मोजायचो, ते तास सूर्यास्तापासून मोजायचे. आतल्या निळ्या भागावरच्या वाकड्या सोनेरी रेषा म्हणजे उजेडाचे बारा भाग, उन्हाळ्यात लांब, हिवाळ्यात आखूड. त्यावर राशींचं चक्र फिरतं, सूर्य आणि चंद्र आपापल्या राशीत. (सायन, म्हणजे पाश्चात्य पद्धतीच्या, राशी बरं का, तुम्ही जाल तेव्हा सूर्य तूळेत दिसेल, आपल्या पंचांगात तो अजून कन्येत असेल.) चंद्र म्हणजे अर्धा काळा, अर्धा रुपेरी गोळा, तो स्वतःभोवती फिरून कला दाखवतो. तिथी त्यावरून अंदाजे सांगता येते. मी सांगितली होती, नवमी. फोनमधल्या पंचांगात पाहिलं, बरोबर होती.

फळा_खडू

सगळ्यांचे मनापासून आभार. दोघींचं_टेबल ताई, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं.

यादी फाडली. खाणकामगार, तुमचा मुद्दा पटला आणि म्हणूनच कुटना होरा घाईत उरकणार नाही, यावेळी राहू दे. मंगळवारी पोचून फक्त चौक आणि घड्याळ. बुधवारी राजवाडा. गुरुवारी सकाळी पूल, मग ज्यू वस्ती. शुक्रवारी सकाळी बीला होरा आणि दुपारची गाडी. राहायची सोय नारोद्नी त्रशीदाजवळ घेतली, २२ नंबर दारात. काठी आजच आणली.

फळा_खडू

परवा रात्री परत आले. लेकीला सगळं सांगून झालं, आता तुम्हाला सांगते.

नदी डावीकडेच होती. सकाळचं धुकं होतं, खडक त्यातून निम्मेच वर आलेले. जेवणाच्या डब्यात चहा घेतला. समोरच्या बाईंनी हातवारे करून मला किल्ला दाखवला.

फलाटावरच्या पुतळ्यापाशी मी एक मिनिट थांबायचं ठरवलं होतं, पंधरा थांबले. त्या मुलीच्या चेहऱ्यावर भीती नाही. सहलीच्या बसची वाट बघणाऱ्या पोरीसारखी उभी आहे.

बुधवारी सकाळी मी २२ नंबरमध्येच बसले, पण उलट्या दिशेच्या. तीन थांबे गेल्यावर नदी ओलांडली नाही हे लक्षात आलं. पोटात गोळा आला. मग उतरले, रस्ता ओलांडला, समोरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले आणि पाच मिनिटांत बरोबर ट्राम आली. एवढंच. पण साठ वर्षांत वाट चुकल्यावर कुणाला हाक न मारता मी पहिल्यांदा स्वतः परत वाटेला लागले. त्यानंतर उरलेले दिवस भीती अशी वाटलीच नाही.

खिडकी. दालनाचं छत बघतच राहावं असं आहे, दगडाच्या पट्ट्या फुलाच्या पाकळ्यांसारख्या एकमेकींत शिरलेल्या. पण माझं लक्ष कोपऱ्यातल्या दाराकडे होतं. खोली फारच साधी निघाली. मी वर्गात नेहमी मोठा दरबार उभा करायची, हात पसरून दाखवायची. प्रत्यक्षात आपल्या मुख्याध्यापकांच्या खोलीएवढं वाटावं असं काही. भिंत इतकी जाड की खिडकी एखाद्या कोनाड्यात बसल्यासारखी. म्हणजे माणसाला नुसतं ढकलून चालणार नाही, उचलून त्या कोनाड्यातून पुढे न्यावं लागेल, आणि तो चौकटीला धरून ठेवणारच. इतकी वर्षं मी "फेकलं" हा एक शब्द उच्चारून पुढे जायची. तिथे उभी राहिल्यावर तो शब्द बराच वेळ चालणारा झाला. खाली बाग आहे, झाडांची पानं पिवळी झालेली. एक शाळेची सहल आली. त्यांच्या शिक्षिका चेक भाषेत काहीतरी सांगत होत्या, मला एक अक्षर कळलं नाही. सांगून थांबल्या तर एका मुलाने हात वर करून काहीतरी विचारलं, त्या मान हलवून "ने" म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला. प्रश्न कुठला असणार, ते मला भाषा न येताही कळलं.

परत येताना ट्रामनेच खाली आले. सांधेदुखी_नको, गुडघा चारही दिवस शहाण्यासारखा वागला.

गुरुवारी ज्यू वस्तीतल्या पिंकास सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या प्रार्थनास्थळात गेले. भिंतींवर हाताने लिहिलेली नावं, सुमारे ऐंशी हजार, बोहेमिया-मोराव्हियातल्या मारल्या गेलेल्या ज्यूंची. ते माहीत होतं. वरच्या मजल्यावर काय आहे ते माहीत नव्हतं. तेरेझीनच्या नाझी छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं. फ्रीड्ल डिकर-ब्रँडाइस नावाच्या चित्रकार बाई तिथे कैदेत होत्या, त्यांनी मुलांना चित्रकला शिकवली. ऑशविट्झला नेण्याआधी त्यांनी साडेचार हजारांच्या घरातली चित्रं दोन सूटकेसमध्ये भरून लपवून ठेवली. बाई परत आल्या नाहीत, त्यातली बहुतेक मुलंही नाहीत. चित्रांमध्ये फुलपाखरं, घरं, जेवणाचं टेबल. मी शिक्षिका आहे, मला पटकन दिसलं ते हे की बऱ्याच चित्रांवर मुलांची नावं आहेत. छावणीत मुलांना नंबर असतात. त्या बाई त्यांना चित्रावर सही करायला सांगायच्या. त्यानंतर मी बाहेर बाकावर बसून राहिले, जुन्या दफनभूमीत फार आत गेले नाही.

घटिका_पळे, शुक्ल की कृष्ण यात माझा घोळ झाला, पण तबकडी पुरी वाचली. सूर्य तूळेत होता. माझ्या शेजारी एक आजोबा उभे होते, त्यांना मी बोटाने सूर्यास्ताचं कडं दाखवलं. त्यांनी त्यांच्या बायकोला बोलावलं आणि त्यांच्या भाषेत तेच सांगितलं.

सत्तावीस क्रॉस मोजले. दोन वेळा, कारण पहिल्यांदा एकावर कुणाची तरी बॅग होती.

दुपारची जेवणं ताईंनी सांगितली तशीच. दुसऱ्या दिवशी समोर एक तरुण मुलगा येऊन बसला, "दोब्री देन" म्हणाला, जेवला, "ना स्ख्लेदानोऊ" म्हणून गेला. मला फार बरं वाटलं. मंगळवारी रात्री रडू आलं नाही, पण दिवा मात्र चालू ठेवून झोपले.

आणि पायवाट, नोट. बुधवारी बेकरीत हजाराची नोट दिली, त्या मुलीने परत दिलेल्या पैशांत दोनशेची होती. दाढीवाला माणूस, खाली नाव, कोमेन्स्की. मी काउंटरवरच थांबले, मागच्या माणसाने मला बाजूने ओलांडलं. कोमेनियस! बी.एड.ला पहिल्या पेपरात ज्यांच्यावर टीप लिहिली होती, मुलांना चित्रांतून शिकवावं म्हणणारे, १६५८ला मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढणारे. मी त्यांना कायम शिक्षणशास्त्राच्या वहीत ठेवलं आणि तीस वर्षांच्या युद्धाला इतिहासाच्या वहीत. पांढऱ्या टेकडीवर सरदार हरले, म्हणून कोमेनियसना देश सोडावा लागला. १६२८ला गेले ते परत आले नाहीत, ॲमस्टरडॅमला वारले. एकाच धड्याचे दोन तुकडे, आणि ते जोडून द्यायला मला एक नोट लागली. नोट उलटी केली तर मागे दोन हात आहेत, एक मोठ्या माणसाचा आणि एक लहान मुलाचा, एकमेकांकडे आलेले.

शुक्रवारी शेवटच्या थांब्यावर उतरले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. थोडं चालल्यावर घरं संपतात आणि माळ लागतो. एक माणूस कुत्र्याला फिरवत होता, बाकी कुणी नाही. दगडांच्या खुणेपर्यंत गवतातून पायवाट आहे, चिखल झालेला, काठी उपयोगी पडली. तिथे मी ती नोट पुन्हा एकदा पिशवीतून काढली, पावसाचा थेंब पडला म्हणून लगेच आत ठेवली.

लेक विचारत होती, उरलेले कोरुना बदलून घेतलेस का. बाकीचे स्टेशनावर केक घेण्यात संपवले. ती एक नोट आणलीय. माझ्या शाळेत आता इतिहास शिकवणारी मुलगी माझीच विद्यार्थिनी आहे, तिला द्यायची आहे.

दोघींचं_टेबल

ताई, दिवा चालू ठेवून झोपायचं मीही अजून करते. पुढची सहल कुठे?

फळा_खडू

मार्चच्या आधी नाही. पण कुटना होराच्या गाड्यांच्या वेळा बघून ठेवल्यात. खाणकामगार, स्टेशनपासून चर्चपर्यंत बस असते का?